अख्ख्या देशाचा माल सांभाळणारी भिवंडी स्वतःचे कागद किलोवर विकते



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या घरातल्या माळ्यावरच्या ट्रंकेचा आहे.

मागच्या महिन्यात एका रद्दीवाल्याच्या काट्यावर लाल कापडी बांधणीच्या सात-आठ वह्या दिसल्या. कुठल्यातरी बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यातून आल्या होत्या. वरची उघडली. कामगारांची हजेरी, दिलेली उचल, किती ताके उतरले त्याचा हिशेब. काही नावांपुढे अंगठा, काहींपुढे उर्दूत सही, दोन-तीन ठिकाणी तेलुगूत. म्हणजे एकाच पानावर मऊचा माणूस, मालेगावचा माणूस आणि तेलंगणातला पद्मशाली. मी विचारलं, याचं काय करणार? तो म्हणाला, "करना क्या है, गत्ता बनेगा. आपको चाहिए तो कागज के भाव से ले जाओ."

दोन वह्या घेतल्या. बाकीच्या घेतल्या नाहीत, याची आता रोज चुटपुट लागते.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत लूम भंगारात किलोवर गेले, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच टेम्पोतून वह्या पण गेल्या, हे कोणी पाहिलं नाही. 1930 च्या दशकापासून या गावाने यंत्रमागावर कापड विणलं. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या तेव्हा इथले लूम रात्रंदिवस चालले. देशातल्या किती माणसांनी इथलं कापड अंगावर घातलं असेल, मोजदाद नाही. आणि त्या कापडामागची नावं आज पुठ्ठ्याच्या कारखान्यात.

आता गंमत बघा. मानकोलीपासून पडघ्यापर्यंत जिकडे बघाल तिकडे गोदामं. देशभरचा ऑनलाइन माल इथे उतरतो. इतकंच काय, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या आपले जुने कागद पुठ्ठ्याच्या खोक्यांत, बारकोड लावून भिवंडी पट्ट्यातल्याच गोदामांत ठेवतात. मागितलं की बरोबर तेच खोकं निघतं. म्हणजे दुसऱ्याचा कागद पिढ्यान् पिढ्या कसा सांभाळायचा, हे या गावाला येतं. त्यातून पोट भरतं. फक्त स्वतःचा कागद ठेवायला मात्र जागा नाही.

"जुन्या कागदांचं काय लोणचं घालायचं?" असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो. घरातल्या मुलीची अ‍ॅडमिशन येऊ द्या, मग कळेल.

माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या जात पडताळणीसाठी आम्ही आठ महिने फिरलो. तुम्हाला माहीतच आहे, ओबीसी असेल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, नाहीतर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, नाहीतर जमिनीचा जुना फेरफार. आजोबांच्या शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, "ते रजिस्टर भिजलं." विषय संपला. एक रजिस्टर भिजलं आणि तीन पिढ्यांनंतरच्या मुलीचं एक वर्ष गेलं. शेवटी काम झालं ते आजोबांच्या मोठ्या भावाच्या दाखल्यावर. तो दाखला कुणीतरी देवाच्या फोटोमागे चिकटवून ठेवला होता! फ्रेम फुटली म्हणून सापडला.

हे आगरी, कुणबी, कोळी, मोमीन, सगळ्यांचंच दुखणं आहे. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, तेव्हा अख्ख्या राज्याने बघितलं. एकोणिसाव्या शतकातली जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची रजिस्टरं, महसुली कागद तहसिलातून बाहेर निघाले. त्यातले कित्येक मोडीत, आणि वाचणारी माणसं शोधायला धावाधाव. त्या आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, एवढं तर मान्य कराल की दीडशे वर्षांपूर्वी एका गरीब कोतवालाने केलेल्या नोंदीवर आज सरकारं हलतात. त्या कोतवालाला वाटलं असेल का, आपण इतिहास लिहितोय? तो बिचारा रोजची नोंद करत होता.

माझा मुद्दा हाच आहे. मोठ्या माणसांचे मोठे कागद कसेबसे टिकतात. जाहीरनामे, तह, पुतळ्याच्या उद्घाटनाची भाषणं, ती कुठे ना कुठे छापलेली असतात. मरतात ते रोजचे कागद. अर्ज, हजेरी, पावत्या, सभेचं इतिवृत्त, शाळेचं रजिस्टर. आणि साधी माणसं सापडतात ती याच कागदांत.

आपल्याच भागातलं उदाहरण देतो. 1880 च्या दशकात इंग्रज सरकारच्या जंगल कायद्यांनी ठाणे जिल्ह्यातला शेतकरी हैराण झाला होता. भाताची रोपं टाकायची तर आधी राब भाजायला हवा आणि राबाला झाडांचा टहाळ हवा. आमच्या तालुक्यात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. सरकार म्हणालं, टहाळ तोडायचा नाही. वारली, ठाकूर, कुणबी सगळेच अडकले. आरडाओरड इतकी झाली की 1885 साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. विडाल नावाचा अधिकारी अध्यक्ष होता. अहवाल 1887 साली आला. राब म्हणजे काय, तो का लागतो, रानाशिवाय शेतकऱ्याचं कसं अडतं, हे सगळं त्या चौकशीत कागदावर आलं. त्याच सुमारास, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. आज आपण ते अभिमानाने सांगतो. ते कागदावर राहिलं म्हणूनच ना?

त्याहून जुनं बघायचं तर आपलं अंजूर. वसईच्या मोहिमेत, 1737 ते 1739 च्या धामधुमीत, गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी जी खटपट केली ती आपल्याला कशी कळली? बखरीतून आणि जुन्या कागदांतून. नाहीतर तो वाडा आणि गणपती राहिला असता, गोष्ट गेली असती.

आता कागद कोण सांभाळतं आणि का, तेही बघा. पुण्याचं पेशवे दप्तर माहीत असेल. 1818 मध्ये राज्य गेल्यावर ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि त्यांनी ते जपलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रेमाने नव्हे हं! कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, कोणाची जमीन काढून घ्यायची, हे ठरवायला. आपल्याच अभ्यासकांना कित्येक वर्षं ते दप्तर मोकळेपणी बघू दिलं नाही. 1930 च्या आसपास गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. तिकडे राजवाड्यांनी दुसरी वाट धरली. गावोगाव पायपीट, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं धुंडाळायची, घरमालकाच्या विनवण्या करायच्या. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली गेली. म्हणजे कागद राखायच्या दोनच तऱ्हा. सत्तेने आपल्या सोयीसाठी राखायचे, नाहीतर लोकांनी आपल्या हक्कासाठी. तिसरी तऱ्हा रद्दीवाल्याची.

जरा लांबचं सांगतो, अमेरिकेचं. अब्राहम लिंकन 1861 ते 1865 राष्ट्राध्यक्ष होता. तिकडे यादवी युद्ध, इकडे त्यापायी मुंबईत कापसाचा भाव आभाळाला टेकला आणि 1865 साली धाडकन आपटला, हे आपण शाळेत शिकलोय. त्या लिंकनचे कागद त्याच्या मुलाने, रॉबर्टने, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. अट काय? मी मेल्यावर 21 वर्षं हे कोणी उघडायचे नाहीत. रॉबर्ट 26 जुलै 1926 रोजी गेला. बरोबर 21 वर्षांनी, 26 जुलै 1947 ला कागद खुले झाले. आपल्या स्वातंत्र्याच्या वीस दिवस आधी.

त्या ढिगात थोरामोठ्यांचा पत्रव्यवहार आहेच, पण नोकरीसाठी चिठ्ठी द्या म्हणणारे आहेत, मुलाला फौजेतून सोडा म्हणणारी आई आहे, फुकटचा सल्ला देणारे आहेत. आपल्या नगरसेवकाच्या ऑफिसबाहेरची गर्दीच म्हणा ना. 2018 मध्ये त्या ग्रंथालयाने साध्या लोकांना आवाहन केलं की आम्ही या पत्रांचे फोटो ऑनलाइन टाकतो, तुम्ही घरबसल्या वाचून अक्षर लावून टाइप करून द्या. शिक्षक, निवृत्त लोक, विद्यार्थी कामाला लागले.

त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहिलेली नाहीत. मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. बस्स. गुलामी संपल्यावर 1865 मध्ये सुटलेल्या लोकांसाठी एक सरकारी खातं निघालं. त्याने मजुरीचे करार, शिध्याच्या याद्या, लग्नाच्या नोंदी, तक्रारी लिहून ठेवल्या. कारकुनी कागद सगळे. आज तिथल्या काळ्या कुटुंबांना आपल्या खापरपणजोबाचं नाव पहिल्यांदा सापडतं ते याच कागदांत. हजारो स्वयंसेवकांनी त्यातली लाखो नावं शोधता येतील अशी करून ठेवली.

मला ते वाचताना काट्यावरची ती लाल वही आठवली. हजेरीचं पान. नाव, अंगठा, उचल.

आता आपल्या गावाचं कडू बोलतो, रागावू नका. बाहेरच्या माणसाला भिवंडीबद्दल कागदावर काय सापडतं? दंगल. 7 मे 1970 ची दंगल, त्यावर न्यायमूर्ती मादन आयोगाचा कित्येक खंडांचा अहवाल. मग 1984. आपल्या सगळ्यात वाईट दिवसांचं दप्तर जाडजूड आहे आणि चांगल्या दिवसांचं दप्तरच नाही. तो अहवाल हवाच, कोण कुठे चुकलं ते लिहिलेलं राहायलाच हवं. पण डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, ते कसं? तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या होत्या. गल्लीगल्लीत दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसत होती. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत बोलणी होत होती. त्या बैठकांना कोण आलं, कोण काय बोललं, कोणी कोणाला गप्प केलं, ते कागद, ते फोटो, त्या वह्या आज कुठे आहेत? ज्या माणसांनी त्या बैठका घेतल्या ती आता सत्तरीत-ऐंशीत आहेत. त्यांच्या कपाटात असेल ते आत्ता नाही घेतलं तर मुलं घर बदलताना टाकून देतील. या देशाला शिकवण्यासारखं आपल्याकडे काही असेल तर ते हे आहे, आणि ते कोणाच्या तरी माळ्यावर कसर खातेय.

मला माहीत आहे, कमेंटमध्ये काय येणार. "आधी खड्डे बुजवा, पाणी द्या, मग दप्तरखाना." अरे बाबा, खड्ड्यासाठी भांडायचं तरी कशाच्या जोरावर? मागच्या वेळी हा रस्ता कधी केला, ठराव कधी झाला, बिल कधी निघालं, हे कागदच सांगतो ना? सरकारी दप्तरात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ कायम ठेवायचे, ब 30 वर्षं, क आणि ड थोड्या वर्षांत नष्ट करायचे. सामान्य माणसाचा तक्रार अर्ज बहुतेक वेळा खालच्या वर्गात जातो. साहेबाचा हुकूम टिकतो, ज्या अर्जामुळे तो निघाला तो अर्ज मरतो. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल, साहेबाला आपोआपच सुचलं!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुने कागद उघडले तर भांडणं उकरली जातील. कोणाची जमीन कोणी लाटली, कोणाची जात काय लिहिली, दंगलीत कोणाचं नाव. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आला, जमिनींना सोन्याचा भाव आला, एकेका फेरफारावरून भाऊ-भाऊ कोर्टात आहेत. भीती खोटी नाही. पण यावर उत्तर रॉबर्ट लिंकनने देऊन ठेवलंय. उघडायची भीती वाटते? कुलूप लावा. 20 वर्षं, 30 वर्षं, ज्याचा कागद त्याने मुदत ठरवावी. कुलूप उघडता येतं. जाळलेला कागद परत येत नाही. आणि कागद नसला की भांडण थांबतं असं थोडंच आहे? मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

बरं, कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. सरकारी कागद बेकायदा नष्ट केला तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. माहिती अधिकारात "फाइल सापडत नाही" असं उत्तर आलं की हा कायदा आठवा आणि अपिलात लिहा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कोट्यवधींचं स्मारक नको.

एक. आपल्या नगरपालिकेचा जन्म 1860 च्या दशकातला. दीडशे वर्षांहून जास्त कारभार झाला, पुढे महापालिका झाली. या काळातलं जे काही शिल्लक आहे, सभांची इतिवृत्तं, जन्म-मृत्यू रजिस्टरं, कराची बुकं, त्याची नुसती यादी करून जाहीर करा. काय आहे आणि कुठल्या सालापासून आहे, एवढंच. यादी झाली की चोरी आणि "हरवलं" दोन्ही कमी होतात.

दोन. मराठी, उर्दू, तेलुगू, सगळ्या माध्यमांच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं आधी स्कॅन करा. 26 जुलै 2005 सारखा पाऊस पुन्हा पडणार नाही असं कोणी लिहून दिलंय का? स्कॅनची एक प्रत शाळेत, एक महापालिकेत, एक जिल्ह्याला ठेवा. यात पोरांचं शिक्षण अडकलंय.

तीन. गोदामवाल्या शेठ लोकांना हात जोडून विनंती. लाखो चौरस फूट तुमच्याकडे आहे. त्यातली एक कोरडी खोली, चार लोखंडी रॅक, वाळवीची फवारणी गावाला द्या. बंद होणाऱ्या कारखान्यांच्या वह्या, मंडळांची, मशिदी-मंदिरांच्या ट्रस्टची, युनियनची जुनी दप्तरं तिथे ठेवू. मालकी ज्याची त्याचीच राहील.

चार. कॉलेजच्या पोरांनो, मोडी शिका. फार कठीण नाही, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. आणि फक्त मोडी नाही. या गावाचा कागद मोडीत आहे, उर्दूत आहे, गुजराती वहीखात्यात आहे, तेलुगूत आहे. निजामपुऱ्यातला मुलगा, पद्मानगरातली मुलगी आणि ब्राह्मण आळीतले आजोबा एका टेबलावर बसल्याशिवाय भिवंडीचं एक पानही पुरतं वाचता येणार नाही. हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात आवडणारं आहे.

आणि पाचवं तुमच्या-माझ्यासाठी. या दिवाळीच्या, ईदच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक रिकामी करण्याआधी एकदा उघडा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत घाम धरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. सुती कापडात बांधा, जमिनीपासून उंचावर ठेवा. मोबाईलने उजेडात फोटो काढा आणि कागदाच्या बाजूला चिठ्ठीवर लिहा की हा कोणाचा, कुठून आला. वाचता येत नसेल म्हणून फेकू नका. तुम्हाला वाचता येत नाही म्हणजे त्यात काही नाही, असं नसतं.

माझ्याकडच्या दोन वह्या कोणालाही बघायला खुल्या आहेत. पानापानाचे फोटो काढून ठेवलेत. उर्दू आणि तेलुगू सह्या वाचून देणारं कोणी असेल तर मेसेज करा. एका पानावर साधारण तीस नावं आहेत. त्यातल्या कोणाची तरी नात आज इथेच, कल्याण नाक्यावर नाहीतर धामणकर नाक्यावर, हातात फाइल घेऊन आजोबांचा पुरावा शोधत फिरत असेल.

तिला तो मिळावा एवढीच इच्छा आहे.